ठासणीच्या बंदुकीचं हळदकुंकू

माझ्याकडे एक ठासणीची बंदूक आहे. प्रशियाच्या सैन्यातली, म्हणजे जर्मनी एक देश होण्याच्या आधीची. डार्मश्टाटच्या आमच्या नेमबाजी क्लबातल्या एका म्हाताऱ्या सभासदाने संग्रह मोडायला काढला, तेव्हा मी ती घेतली. नवरा म्हणाला, "अगं, लोक या वयात बागकाम करतात." मी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, टेबल मांडलं आणि दोन हिवाळे तिच्यावर घालवले. नळी गंजलेली, चाप अडकलेला, दस्त्याला चीर. क्लबातले एक निवृत्त दंतवैद्य मला शिकवायचे. दात कोरायच्या हत्यारांनी ते चापाच्या खाचा साफ करत. त्यांचा नियम एकच: गंज थांबवायचा, इतिहास पुसायचा नाही. म्हणून दस्त्यावर कुणा शिपायाने पाडलेले ओरखडे मी तसेच ठेवले.

बंदूक तयार झाली त्या वर्षी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. नवरात्रात मला कामासाठी ड्रेस्डेनला जावं लागलं. खंडेनवमीला आईने घरातल्या सुऱ्या, कात्री, नातीची सायकल, जावयाचा लॅपटॉप असं सगळं पुजलं. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो जावईबापू, त्या कुलुपाच्या कपाटाची किल्ली द्या. घरात खरं शस्त्र असताना लॅपटॉपला कसलं कुंकू लावायचं?"

मी परतले तेव्हा बंदूक पाटावर होती, शेजारी बाल्कनीतली सुकलेली शेवंती. नळीवर हळदकुंकवाची दोन बोटं.

"आई, लोखंडाला ओलं लावलंस?"

"कोरडं टिकतं होय?"

"आणि इतके दिवस तसंच?"

"तुझी बंदूक. तू बघितल्याशिवाय कशी उचलायची?"

पुसलं तर खाली तपकिरी डाग. दोन, बोटाच्या टोकाएवढे. मी बरंच बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं बाई, पुढच्या वर्षी कोरडं लावीन."

पुढच्या वर्षी ती आली नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. मी जाते वर्षातून एकदा. पण तिथे मी पाहुणी असते. ती माझ्या आवडीचं करून वाढते आणि मला हात लावू देत नाही. मला ती इथे हवी आहे. माझ्या घरात, माझ्या कपाटांच्या किल्ल्या मागणारी, माझी कामं बिघडवून ठेवणारी. त्याचं तिकीट मिळत नाही.

यंदा क्लबाच्या नेमबाजीच्या दिवशी दंतवैद्यांनी नळीवर भिंग धरलं.

"हा गंज नवा आहे. बारीक स्टीलवूल आणि तेल. आत्ता घालवतो."

"नको. नुसतं तेल लावा."

"हा काही इतिहास नाही. कुणीतरी ओल्या बोटांनी धरलीय."

"माझ्या आईने."

त्यांनी भिंग खाली घेतलं. "आहे ती?"

"आहे. पण आता येऊ शकत नाही."

"आल्झो," म्हणजे बरं तर, असं ते म्हणाले आणि स्टीलवूल डब्यात टाकलं. तेलाचं फडकं मात्र त्यांनीच फिरवलं, डागांवर जरा जास्त वेळ.

मी दारू मोजून ओतली, गोळी गजाने ठासली, बार पेटवणारी टोपी बसवली. नेम धरला की माझा डावा अंगठा बरोबर त्या डागांशेजारी येतो. बार झाला, पांढरा धूर पसरला, आणि नळी हाताला कोमट लागली.

खंडेनवमीला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"पूजा केलीस?"

"केली. कोरडं लावलंय."

"दाखव." मी फोन नळीजवळ नेला. "काही दिसत नाही. पडलं असेल. जाऊ दे, मी आले की नीट लावीन."



"थांब," मी म्हटलं. नळाखाली बोट ओलं केलं, हळदीत बुडवून एका डागावर टेकवलं. मग दुसऱ्यावर कुंकू. "आता?"

"हां, आता दिसतंय." ती बघत राहिली. मग म्हणाली, "पण पूस हं लगेच. गंजेल."

"हो," म्हटलं. फोन ठेवला, तेलाचं फडकं घेतलं, आणि चहाला आधण येईपर्यंत ते तसंच हातात धरून बसले.