आईंच्या पेडलमधले छर्रे

आमच्या घरात जो तो वस्तू करकचून आवळतो. नळ असो की डब्याचं झाकण. नवऱ्याने लावलेली बरणी उघडायला नवराच लागतो, आणि वर त्याला वाटतं की यालाच काळजी म्हणतात.

त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, निवृत्त परिचारिका. साठी उलटली तरी रोज सायकल काढणार, तीही बुटाला खटकन अडकणाऱ्या जुन्या पेडलांची. टाच बाहेर वळवली की बूट सुटतो. मध्यंतरी चौकात थांबताना डावा बूट सुटलाच नाही. आई सायकलसकट आडव्या झाल्या, मनगट प्लास्टरमध्ये गेलं. प्लास्टर निघाल्याबरोबर नवऱ्याने जाहीर केलं, "सायकल विकायची. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

"मला विचारलंस?"

"आई, वय झालं आता तुझं."

"माझं नाही, पेडलचं झालंय. करकरतंय ते."

रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला, सायकल शेजारी उभी केली आणि डाव्या पेडलला पाना लावला.

"उलटं फिरवतेयस," नवरा म्हणाला.

"डाव्या पेडलचे आटे उलटेच असतात. तुझ्यासारखे."

पेडल सुटून टॉवेलवर आलं. आतला दांडा निघाला, त्याच्याबरोबर काळ्या ग्रीसमध्ये रुतलेले छर्रे. आईंनी ते माझ्या चांगल्या वाटीत रॉकेलने धुतले. नवं ग्रीस भरून त्यांनी चिमट्याने एकेक छर्रा जागेवर बसवला, आणि घराण्याच्या सवयीने नट करकचून आवळला. पेडल फिरेचना.

"बघ," नवरा म्हणाला.

आईंनी नट किंचित सैल केला. फिरवून पाहिलं, पुन्हा जरासा सैल केला. शेवटी एका टिचकीसरशी पेडल आवाज न करता गरगरत राहिलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग त्यांनी बूट हातात धरून पेडलमध्ये अडकवला आणि मुरडला. सुटेना. दोन्ही हातांनी मुरडला. दुखरं मनगट ठणकलं, पण बूट काही सुटेना.

"आता तरी पटलं?"

आईंचा चेहरा पडला. तरी त्यांनी पेडल उलटं करून पाहिलं. मागे बुटाची पकड कमीजास्त करायचा बारीक स्क्रू होता. तो पार शेवटपर्यंत आवळलेला होता.

"हा कोणी पिळला?"

नवरा चुळबुळला. "मी. मागे हवा भरताना. तुझा पाय निसटू नये म्हणून..."

माझं डोकंच फिरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी! आवळणार हा, पडणार आई, आणि सायकल विकायची म्हणे.

आई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात ठेवला. "सैल कर."

"आई, पण..."

"तू आवळलास, तूच सैल कर. आणि यापुढे माझं काहीही आवळायचं असेल तर आधी मला विचारायचं."

त्याने स्क्रू सैल केला. बूट खटकन सुटला. उजव्या पेडलचा स्क्रूही त्यालाच सैल करायला लावला. पेडल बसवून, बूट चढवून आई फाटकाबाहेर गेल्यासुद्धा.

थोड्या वेळाने गिऱ्हाईक आलं. "सायकल कुठाय?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"बाहेर गेलीय," मी म्हणाले.

"मग परत कधी येईल?"

"मालकीण आणेल तेव्हा."