कामठीहून येणारे प्रश्न

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज परत आला तो अर्धाच. असं कधीकधी होतं, थोडे महिने वाट पाहा, असं डॉक्टर म्हणाले. मी वाट पाहिली. आवाज घोगराच राहिला. दोन-चार वाक्यं बोललो की नुसती हवा बाहेर पडायची. सीताबर्डीतल्या माझ्या विम्याच्या ऑफिसात त्याने फारसं काही अडलं नाही. पण ऑफिस सुटल्यानंतरचं माझं सगळं आयुष्य नाटकाच्या तालमींत गेलेलं होतं. लग्न केलं नव्हतं. तालमींतून वेळच मिळाला नाही असं मी लोकांना सांगायचो, आणि ते बरंचसं खरं होतं.

ग्रुपमधल्या मित्रांनी मला टाकलं नाही. बॅकस्टेज सांभाळ, म्हणाले. काही संध्याकाळी गेलोही. विंगेत कपड्यांच्या घड्या घालत उभा असताना माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू यायची, आणि तो ती काही वाईट बोलत नव्हता, हेच जास्त लागायचं. मग मी जाणं बंद केलं. हळूहळू फोनही कमी झाले. त्यात कुणाचा दोष नव्हता. फोनवर माझं बोलणं समजायचं नाही, तर किती वेळा 'काय, काय' करणार माणूस?

महालातल्या माझ्या दोन खोल्यांत संध्याकाळ फार लांबायची. त्यातूनच ती वेबसाईट निघाली. पूर्वी आमच्याकडे लहानशा हौशी प्रयोगावरही पेपरात दोन रकाने यायचे. आता छापून येतात ते दीपप्रज्वलनाचे फोटो. म्हटलं, आपण लिहावं. व्हिडिओ पाहून पाहून वेबसाईट बनवायला शिकलो. नागपुरात कुठल्या हॉलला कुणाचं नाटक आहे, कोण कशाची तालीम करतंय, आणि मी पाहिलेल्या प्रयोगाचं परीक्षण, एवढंच त्यात असायचं. वाचायचे ते बहुतेक नाटकवालेच, तेही स्वतःचं नाव शोधायला. एकदोन परीक्षणं रोखठोक लिहिली, तेव्हापासून मध्यंतरात मी चहाच्या स्टॉलपाशी गेलो की तिथलं बोलणं एकदम उन्हावर आणि मेट्रोच्या कामावर यायचं. मी कप घेऊन बाजूला उभा राहायचो.

अशात एका परीक्षणाखाली एक प्रश्न आला. नाटक दोन बहिणींचं होतं. धाकटीचं काम करणारी मुलगी गुणी होती. मी लिहिलं होतं, 'दुसऱ्या अंकात तिचा आवाज बसल्यासारखा वाटला.' आवाजाच्या बाबतीत माझा कान आता नको तेवढा तिखट झाला होता. खाली कुणीतरी नाव न देता विचारलं होतं, 'तिले ताप होता का?'

मी लिहिलं, कल्पना नाही. पुढच्या परीक्षणाखाली पुन्हा प्रश्न. ती बारीक झाली का? मग, नाटक संपल्यावर घरी कोणासोबत गेली? त्या मुलीचं काम नसलेल्या नाटकांवर मी कितीही जीव ओतून लिहिलं, तरी तिथे काही यायचं नाही. मला शंका आली की हा कुणीतरी तिच्या मागे लागलेला माणूस आहे. मी जरा कडक भाषेत लिहिलं, 'आपण कोण? तिची एवढी चौकशी कशासाठी?' काही दिवस शांतता. मग वेबसाईटच्या मेलवर एक फोन नंबर आला, आणि खाली एकच ओळ. 'दुपारी लावा, मी तिची आई आहो.'

मी फोन लावला. पलीकडे कापड विणणाऱ्या मागांचा खडखडाट चालू होता.

"जोरात बोला जी भाऊ, काहीच आयकू नाही येत!"

"मला जोरात बोलता येत नाही," मी म्हणालो. तेही तिला ऐकू गेलं नाही. शेवटी मेसेज करून भेटायचं ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी मी तिच्या गावी, कामठीला गेलो. बसस्टँडच्या बाकावर ती भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याहून थोडी मोठी असेल. मी शेजारी बसलो, तशी ती माझ्या तोंडाजवळ कान आणून ऐकू लागली. कित्येक दिवसांत माझं बोलणं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. मुलीने ठरत आलेलं लग्न मोडलं आणि नाटक करते म्हणून नागपुरात खोली घेऊन राहिली. वडिलांनी घरात तिचं नाव काढायचं नाही असं बजावलं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मीबी बोलली ना भाऊ तिले. नाही तसं बोलली. आता कोणत्या तोंडानं फोन करू? तिनं उचललाच नाही तं?" ती पिशवीतल्या मेथीची जुडी उगाच सारखी करत राहिली. "मंग एक दिवस फोनात तिचं नाव टाकून पायलं, तं तुमचं लिहिलेलं निंगालं. मले नाटकातलं काही समजत नाही. पण तुम्ही लिहिता का ती हसली, ती धावत आली, तं मले ते दिसते."

निघताना ती म्हणाली, "तिले सांगू नका बरं. फक्त लिहीत जा."

मी हो म्हटलं, आणि लिहीत गेलो. त्या मुलीच्या नाटकाच्या प्रत्येक परीक्षणात एखादं वाक्य आईसाठी असायचं. 'पिवळ्या साडीत ती उभी राहिली तेव्हा चेहऱ्यावर टवटवी होती.' 'तब्येत सुधारल्याचं जाणवत होतं.' परीक्षणात अशी वाक्यं शोभत नाहीत हे मला कळत होतं. तरी लिहिताना मला बरं वाटायचं. कुणीतरी वाट पाहतंय, एवढ्यावर माझा अख्खा आठवडा निघायचा. ऑफिसातून घरी आलो की आधी कामठीचा प्रश्न आला का ते पाहायचो, मग दिवा लावायचो.

एकदा दुपारच्या प्रयोगानंतर त्या मुलीने मला हॉलच्या पायऱ्यांवर गाठलं. तोंडावरचा मेकअप अजून पुरता निघाला नव्हता.

"काका, एक विचारू? तुम्ही माझ्या तब्येतीवर काहून लिहिता? माझ्या मैत्रिणी हसून राहिल्या मले. मी काम कसं केलं ते लिहा ना."

तिचं बरोबर होतं. पण ती रागावली होती, तिच्या मनात भलतंच काही येईल अशी मला भीती वाटली, आणि मी सांगून टाकलं. आईला दिलेला शब्द मोडला. आवाज मध्येच गेला, म्हणून उरलेलं मोबाईलवर लिहून दाखवलं. तिने स्क्रीन वाचली, परत वाचली, आणि खाली पायरीवर बसली.

"आई विचारते? ती स्वतः?"

मी मान हलवली. कामठीहून आलेले सगळे प्रश्न तिला दाखवले. ती बोटाने वर सरकवत गेली. तापाच्या प्रश्नाशी थांबली.

"होता ताप," ती म्हणाली. "दोन गोळ्या खाऊन काम केलं होतं." मग ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "कोणाले सांगू नका मी रडली म्हणून."

तिने आईला फोन केला तेव्हा मी तिथे नव्हतो, ते बोलणं मला ठाऊक नाही. कामठीहून प्रश्न येणं बंद झालं, एवढंच मला कळलं. पुढच्या परीक्षणात मी लिहिलं की तिने शेवटचा प्रवेश फार संयमाने केला. खाली काही आलं नाही. त्यापुढच्यालाही नाही. काय झालं ते मी ओळखलं होतं आणि मला आनंद झाला होता, हे खरं. पण संध्याकाळी घरी आलो की दिवा न लावता आधी मोबाईल उघडायची सवय काही जात नव्हती.

त्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी आई प्रयोगाला आली. वडील आले नव्हते. सोबत शेजारची एक बाई होती. प्रयोग संपल्यावर मुलगी विंगेतून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. आईने आधी तिचे दंड चाचपून पाहिले. मी बाजूला थांबलो होतो. आईने मला पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हे वं ते, वेबसाईटवाले भाऊ." माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे लय उपकार झाले."

"यावेळचंही लिहीन," मी म्हणालो. "वाचा."

"वाचाले कुठं वेळ भेटते भाऊ आता?" ती मोकळेपणाने हसली. "रोज फोन करते ती. तीच सांगते सगळं." तिच्या मनात काही नव्हतं. तिला घाई होती; कामठीची गाडी पकडायच्या आधी मुलीची खोली पाहायची होती. त्या तिघी बोलत बोलत फाटकाबाहेर गेल्या.

घरी जाऊन मी परीक्षण लिहिलं. आईसाठी म्हणून घातलेलं वाक्य खोडलं, आणि पहिल्यांदाच त्या मुलीच्या अभिनयाबद्दल मनात होतं ते सगळं नीट लिहिलं. पहिल्या अंकात ती घाई करते, तेही लिहिलं. पुढच्या आठवड्यात एका नव्या ग्रुपचं नाटक होतं. प्रेक्षक थोडे होते, नट ओळखीचे नव्हते. मी कडेची खुर्ची धरून बसलो.