एक मिलिग्रॅमची बाटली

“कांबळे, तू मला रिकामी बाटली पाठवलीस!”

फोनवर मुलुंडच्या लॅबच्या सावंत मॅडम होत्या. मी साकीनाक्याच्या माझ्या गाळ्यात बसलो होतो. लॅबला लागणारी केमिकल्स पुरवणं हा माझा धंदा. स्कूटरवर कॅन बांधून दारोदार फिरायचो, तेव्हा पहिली ऑर्डर याच बाईंनी दिली होती. पण म्हणून काहीही ऐकून घ्यायचं? डोकं फिरलं. गाळ्याला कुलूप लावलं आणि थेट मुलुंड गाठलं.

बाटलीत होतं डेसमिथाइल क्लोमिप्रामाइन. क्लोमिप्रामाइन हे नैराश्यावरचं जुनं औषध. पोटात गेलं की शरीर त्याचं रूप थोडं बदलतं. त्या बदललेल्या रूपाला, म्हणजे बाटलीतल्या या पदार्थाला, मेटाबोलाइट म्हणतात. तेही रक्तात फिरतं आणि स्वतःचं काम करतं. ते रक्तात किती आहे हे मोजायचं तर तुलनेला शुद्ध मेटाबोलाइट लागतं. त्याला आमच्याकडे स्टँडर्ड म्हणतात.

लॅबमध्ये घाटकोपरच्या एका आजींचं रक्त येऊन थांबलं होतं. या औषधाने त्या पुन्हा माणसांत आल्या होत्या, पण आता त्यांना चक्कर येत होती. डोस कमी करायचा की औषधच बंद करायचं, हे डॉक्टर रिपोर्ट पाहून ठरवणार होते. आणि लॅबमधलं जुनं स्टँडर्ड संपलेलं.

मॅडमनी बाटली माझ्या नाकासमोर धरली. “दाखव, कुठे आहे पावडर?”

मलाही काचेशिवाय काही दिसलं नाही. पण मागे कोण हटतो? “सील शाबूत आहे ना? मग मी काय, फुंकर मारून उडवली?”

“आवाज खाली. हा भाजीबाजार नाही.”

“तो तुम्हीच केलात! दरवेळी दहा मिलिग्रॅम घेता. या वेळी घासाघीस करत एक मिलिग्रॅमवर आलात.”

“आणि तूही ऑर्डर जाईल म्हणून लगेच हो म्हणालास.” बोलता बोलता त्या थांबल्या. बाटली उजेडात तिरकी धरली. “एक मिलिग्रॅम म्हणजे साखरेचे एक-दोन दाणे रे. काचेला पसरून चिकटलं असेल.”

“मग उघडा ना.”

“सील तोडलं तर बनवणारी कंपनी बाटली परत घेणार नाही. आतून काही निघालं नाही तर नुकसान कोणाचं?”

अशा प्रश्नावर मी एरवी तासभर अडून बसतो. पण आजींचं रक्त समोर होतं.

“माझं. पण निघालं, तर सगळ्या स्टाफसमोर माझी माफी मागायची.”

“माफी नाही. चहा.”

“खारी पण.”

“बरं.”

त्यांनी पावडर काढायचा प्रयत्नच केला नाही. मोजून घेतलेलं मिथेनॉल बाटलीतच सोडलं, झाकण लावलं आणि बाटली उलटीसुलटी केली, म्हणजे झाकणाला चिकटलेलंही विरघळावं. मग त्यातला थेंब मशीनला दिला. स्क्रीनवर रेघ बराच वेळ सपाट. आणि एकदम रेघेने टेकडीसारखी उसळी घेतली.

“आलं गं बाई!” मॅडमच ओरडल्या. मग आधीच उत्तर माहीत असलेला नमुना लावून पाहिला. आकडा जुळला, तेव्हाच त्यांनी आजींच्या रक्ताला हात लावला.

मेटाबोलाइट जास्तच निघालं. डॉक्टरांनी डोस कमी केला, औषध चालू ठेवलं. चक्कर थांबल्याचं मॅडमनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. चहा-खारी त्याच दिवशी मिळाली होती. माफी नाही, आणि ते मी विसरलेलो नाही.

धडा एवढाच, की छोटा पॅक विकताना गिऱ्हाइकाला आधी सावध करावं. आता अशा प्रत्येक पॅकवर मी चिठ्ठी लावतो: “बाटली रिकामी वाटेल. रिकामी नाही. आधी विरघळवा, मग भांडा.”

मॅडमचं त्यावर म्हणणं, अक्षर फार बारीक आहे.