दबलेला पत्रा

माझी स्कूटर दुरुस्त होईपर्यंत मी गॅरेजमध्ये बसलो होतो. शेजारी एक जुना ट्रक नव्यानं रंगून उभा होता. दाराखालच्या लांबट पायरीवर मिस्त्री रबर चिकटवणार होते. ट्रकची मालकीण, साठीच्या एक बाई, जवळच उभ्या होत्या. त्यांच्या वडिलांनी हा ट्रक आयुष्यभर चालवला होता.

"ताई, इथं पत्रा दबलाय. ठोकून सरळ करू?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको. अण्णा तिथंच पाय ठेवून चढायचे."

"पण रबराखाली दिसायचं नाही ते."

"नाही दिसलं तरी चालेल."

मिस्त्रींनी पत्र्याला आणि रबराला सोल्युशन फासलं आणि ते जरा सुकायची वाट बघत बसले. ओलं असताना चिकटवलं तर धरत नाही, म्हणाले. गेलेल्या माणसाचं काय ठेवायचं, हेही बहुधा लगेच ठरवता येत नसावं. बाईंना किती वर्षं लागली असतील, कोण जाणे.

मग एका टोकापासून मिस्त्री रबर दाबत आले. दबलेल्या जागी मात्र ते थांबले आणि अंगठ्यानं बराच वेळ हळूहळू दाबत राहिले. रबर आत बसलं. खोलगट जागा वरूनही दिसू लागली.