दुधाची साक्ष

कल्पना करा, तुम्ही न्यायाधीशांच्या टेबलासमोर उभे आहात. कडेवर आठ महिन्यांचं मूल आहे. शेजारी उभ्या असलेल्या परदेशी बाईला ते द्यावं की नाही, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे. ती बाई तुमच्या घरी जेवलेली आहे. आणि मुलाबद्दलची एक गोष्ट कागदावर कुठेच नाही. ती फक्त तुम्हाला आणि तिला ठाऊक आहे.

मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात, एका अनाथालयात मुलं सांभाळणाऱ्या तामू मावशी अठरा वर्षांपूर्वी अशाच उभ्या होत्या. आमच्या गल्लीत त्यांचं घर तिसरं.

कडेवरचा तो अन्वर. बाजारामागे सापडला होता, ऑलिव्हच्या रिकाम्या खोक्यात. बाटली तो तोंडात धरेना. मावशींची विदाद तेव्हा तीन महिन्यांची होती. त्यांनी दीड महिना दोघांनाही अंगावर पाजलं. आमच्यात एवढ्यानं नातं लागतं. दूध पाजणारी ती आई, तिची मुलं ती भावंडं, आणि त्यांचं आपसात लग्न होत नाही. याची नोंद कुणी करत नाही. बायका एकमेकींना सांगतात, मूल कळतं झालं की त्यालाही सांगतात. झालं.

परदेशी बाईचं नाव माइते. स्पेनची. अन्वरसाठी तिनं इस्लाम स्वीकारला, शहरात खोली घेतली, रमझानचे रोजे धरले. रोज संध्याकाळी रोजा सोडायला ती मावशींकडेच यायची.

"मावशी, तुमच्या हरीरा सूपात असं काय असतं? माझं नुसतं टोमॅटोचं पाणी होतं."

"धीर असतो, पोरी. तू भूक लागली की लगेच उतरवतेस."

मूल तिला द्यावं का, याच्या चौकशीला कोर्टाची माणसं आली तेव्हा मावशींनीच तिच्या बाजूनं शब्द टाकला. अन्वरला पाजल्याचंही त्यांनी तिला सांगितलं होतं. कोर्टाच्या बाकावर बसल्या बसल्या माइतेनं त्यांचा हात धरला.

"आत दुधाचं काढू नका. पुन्हा चौकशी लागेल, पुन्हा तारीख. त्याला मी स्वतः सांगेन. दर ईदला घेऊन येईन. तुमच्या घरचं खाल्लंय मी, मावशी."

आमच्याकडे यावर आणखी काय मागायचं असतं?

न्यायाधीशांनी विचारलं, "मुलाचं कुणी?"

"कुणी नाही, साहेब," मावशी म्हणाल्या.

आदेशावर सही झाली. मावशींनी अन्वरला माइतेच्या हातात दिलं. तो त्यांच्या डोक्यावरचा रुमाल सोडत नव्हता, म्हणून त्यांनी रुमालही दिला.

वर्षभरात त्याला परदेशी न्यायची परवानगी मिळाली. पहिल्या ईदला फोटो आला. दुसऱ्या ईदला काही नाही. मग माइतेचा नंबरच बंद झाला.

यंदा विदादला नर्सिंग शिकायला वालेन्सियात प्रवेश मिळाला. माइतेचं गाव तेच. मावशी माझ्याकडे आल्या. दोन दिवस इंटरनेट धुंडाळून मी नंबर काढला आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला.

"मावशी? इतक्या वर्षांनी?"

"अन्वर कसा आहे?"

"तो आता आंद्रेस आहे. छान चाललंय त्याचं."

"त्याला सांगितलंस?"

"काय?"

"दुधाचं."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं. तो आवाज थांबला.

"मावशी, आता ते कशाला? कागदावर त्याचं कुणीच नाही. तुम्हीच तसं सांगितलं होतंत."

"मी तुझ्यासाठी सांगितलं होतं."

फोन ठेवला गेला. मी पुन्हा लावला, तर लागेना.  मावशी म्हणाल्या, "माझाच शब्द माझ्या तोंडावर मारला बघ हिनं."

विदाद बॅग भरताना हसत होती. "आई, मग तिकडे कुणी मुलगा बोलायला आला की आधी विचारू का, बाबा रे, तू लहानपणी कुणाचं दूध प्यायलास?"

"विचार," मावशी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

विदाद गेल्याला आता चार महिने झाले. गल्लीत मी दिसलो की मावशी अजून थांबवतात. "काझीसमोर खोटं मी बोलले, ते माझ्या माथी. पण तू सगळं शोधून काढतोस ना त्या फोनात, मग एवढं सांग. आपल्याला एक बहीण आहे, हे त्या पोराला आता कोण सांगणार?"