टेबलाविरुद्धचा अर्ज

बेळगावात एका कचेरीच्या दाराशी टेबल मांडून तो लोकांचे अर्ज कन्नडमध्ये लिहून देतो. सगळे त्याला आप्पा म्हणतात. खरं नाव मी कधी विचारलं नाही. लिहिताना त्याचे ओठ हलतात. मग तो अर्ज मराठीत मोठ्यानं सांगतो आणि मान तिरकी करून विचारतो, "ह्येच म्हनायचं हुतं न्हवं?" समोरचा 'व्हय' म्हणेपर्यंत सहीला कागद देत नाही.

परवा येळ्ळूरची एक बाई नवऱ्याला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. "आप्पा, तुमच्या टेबलानं खुर्ची आत जात न्हाय. तक्रार करायची हाय, पर लिवनार तुमीच."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. "सांगा, आक्का."

"जरा सरकवा म्हनून लिवा."

"मागं गटार हाय, सरकवनार कुटं? हटवा म्हना."

अर्ज वाचताना त्याचा आवाज नेहमीचाच होता. तिनं चाचरत 'व्हय' म्हटलं.

मला राहवेना. "आप्पा, आपणहून उठला असता तर?"

"मी उटलो तर उद्या दुसरा बसंल. हुकूम निघाला तर कुनालाच बसता येनार न्हाय."

नवऱ्याला टेबलापाशीच ठेवून ती अर्ज द्यायला दारापर्यंत पोचली, तेव्हा त्यानं हाक मारली, "आक्का, शिक्का मारून पोच घ्या! न्हायतर अर्ज दाबत्यात!"