भाच्याला उचलण्याची तयारी

आमच्याकडे हळदीच्या संध्याकाळी मामाने नवरदेवाला खांद्यावर बसवून नाचायचं असतं. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण मामा धडधाकट असताना भाचा जमिनीवरच राहिला, तर गाव पुढची कित्येक वर्षं तेवढंच बोलत राहतं. माझ्या हळदीला माझ्या मामाने मला उचललं, तेव्हा मी काडीसारखा होतो आणि मामा आयुष्यभर भाताचे भारे वाहिलेला. त्याने मला घेऊन अख्ख्या मांडवाला फेरा मारला, वर एक हात सोडून मंडळींना नमस्कारही केला. भाच्याचा साखरपुडा झाला त्या दिवशी पेढा तोंडात टाकताना मला आधी तेच आठवलं. मग पेढ्याची चवच लागली नाही.

कारण मी आता भारे वाहणाऱ्यांपैकी राहिलो नव्हतो. भिवंडीबाहेर वडप्याजवळच्या आमच्या भातखाचरांवर गोडाऊन उभी राहिली, चिखलात उतरायचं संपलं, आणि मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फिरत्या खुर्चीवर जाऊन बसलो. खुर्ची फिरायची, मी बसलेला असायचो. येणारा प्रत्येक ड्रायव्हर चहा पाजून जायचा, नाहीतर मी त्याला पाजायचो. पन्नाशी उलटेपर्यंत पोट इतकं पुढे आलं होतं की बुटाची लेस बांधताना श्वास धरावा लागे. साखरेची गोळी रोजची झाली होती. आणि ज्याला उचलायचं तो भाचा, जिमचा वेडा. दंड असे, की त्याच्या मापाचा सदरा शिवून घ्यावा लागायचा.

माझी बहीण एकच, माझ्याहून धाकटी. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून उठला आणि तिथेच कोसळला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. त्यामुळे पोराच्या लग्नात वडीलकीचं जे काही करायचं ते माझ्याकडेच होतं. आणि त्याच बहिणीने साखरपुड्याच्या संध्याकाळी ताटं गोळा करता करता मला सांगितलं, "दादा, हळदीला तू नको उचलू. याच्या जिमच्या पोरांना सांगू. तुजं वय झालं आता."

मी सरळ गाडीची किल्ली उचलली. मला राग आला की काय करायचं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोने गाडीत बसल्याबरोबर न विचारता एसी पूर्ण सोडला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांना भाच्याचं काही सांगितलं नाही, वजन कमी करायचंय एवढंच म्हणालो. ते खूश झाले. "चाला," म्हणाले, "रोज, घाम येईपर्यंत चाला." मी चालायला लागलो. हायवेच्या बाजूला कंटेनरांच्या धुळीत चालण्यात अर्थ नव्हता, म्हणून दिघाशीकडच्या रस्त्याला गाडी लावायची आणि शेतांच्या कडेने निघायचं. मी मुळात हट्टी माणूस. चालायचं म्हणजे चालायचं. पुढे पुढे मी धावायलाही लागलो. धावणं म्हणजे काय, चालण्यापेक्षा थोडं जास्त उड्या मारणं, पण मला ते धावणं वाटायचं. भात निम्मा केला, संध्याकाळची भजी सोडली. पँटी ढगळ झाल्या. आरशासमोर मी आडवा उभा राहून पोट बघायचो, ते जवळजवळ दिसायचंच नाही.

लोकांनी कौतुक करावं अशी माझी अपेक्षा होती. ऑफिसात जो येईल तो विचारायचा, "काय शेठ, बरं न्हाय काय?" मी सांगायचो, वजन कमी केलंय. ते मान हलवायचे आणि जाता जाता हळूच माझ्या बायकोला फोन करून विचारायचे, रिपोर्ट काय आले.

दिवाळी उलटल्यावर मी भाच्याला रविवारी एका रिकाम्या गोडाऊनमध्ये बोलावलं. रंगीत तालीम करू, म्हटलं. शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे कोणी बघायला नको. मी उकिडवा बसलो, भाचा पाठीमागून खांद्यावर बसला. "मामा, नीट हं," तो म्हणाला. मी खांबाला हात लावून उठायला लागलो. अर्ध्यापर्यंत आलो आणि तिथेच थांबलो. वर जाता येईना, खाली बसता येईना. मांड्या थरथरायला लागल्या. भाचा वरून, "मामा, उतरू का, मामा, उतरू का," आणि मी खालून, "हलू नकोस." तेवढ्यात शटरखालून वॉचमनने डोकं आत घातलं आणि विचारलं, "सेठ, झगडा हो रहा है क्या?"

भाच्याने उडी मारली आणि मी फरशीवर बसकण मारली. गंमत म्हणजे मला दम अजिबात लागला नव्हता. श्वास कसा अगदी संथ चालला होता. इतकं चालून धावून मी छातीचा भाता चांगला केला होता, पण मांडीत आणि पाठीत काही उरलंच नव्हतं. चरबीबरोबर जे थोडं मांस होतं तेही मी रस्त्यावर सांडून आलो होतो. मला मनापासून रडू आलं असतं, पण वॉचमन तिथेच उभा होता.

"मामा," भाचा म्हणाला, "नुसतं चालून उचलायची ताकद येत नाही. माझ्या जिमला ये."

ती जिम भिवंडीत, कापडाच्या दुकानांच्या वर. खालच्या गल्लीतून कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट सतत वर येत असतो, त्यामुळे तिथे गाणी लावली तरी ऐकू येत नाहीत. तिथला ट्रेनर हिंदीत बोलायचा आणि चालणाऱ्या माणसांवर त्याचा भारी राग होता. "अंकल, ये चलना-दौड़ना बंद करो. सब मसल जल जाएगा. सिर्फ उठाओ." मला त्याचं पटलं. मी चालण्यावर चिडलोच होतो, आणि चिडलेल्या माणसाला नवा उपाय लगेच पटतो. मी चालणं सोडून दिलं. खांद्यावर दांडा घेऊन उठाबशा, वजन जमिनीवरून कमरेपर्यंत उचलणं, दंडाचे व्यायाम. आधी रिकामा दांडाच जड वाटायचा. जिन्यावरून उतरताना बाळंतिणीसारखा कठडा धरायचो. हळूहळू दांड्याला वजनाच्या चकत्या लागायला लागल्या. अंडी, मटण, पुन्हा अंडी. सदऱ्याच्या बाह्या तंग झाल्या आणि मी ऑफिसात विनाकारण हात वर करून फायली काढायला लागलो. पोटही थोडं परत आलं, पण ट्रेनर म्हणाला चलता है, म्हणून मीही चलता है म्हटलं.

थंडी संपता संपता दुसरी तालीम झाली. या वेळी मी एका झटक्यात उठलो. भाचा वरून ओरडला, "एक नंबर, मामा." त्याने मोबाईलवर हळदीत वाजतं तसं बँजो पार्टीचं गाणं लावलं आणि मी नाचायला लागलो. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. दुसऱ्या खांबापर्यंत पोचेस्तोवर माझं तोंड बोंबलासारखं उघडं पडलं. छातीत घण बसायला लागले. मी त्याला कसाबसा उतरवला आणि खांबाला टेकून उभा राहिलो. पाय खणखणीत होते, दम मात्र सगळा संपला होता.

आणि वर आणखी एक कळलं. गोडाऊनमधल्या मालाच्या काट्यावर भाचा सहज उभा राहिला, तर साखरपुड्याच्या वेळेपेक्षा त्याचं वजन चांगलंच वाढलेलं.

"अरे, तू फुगतोयस," मी म्हटलं.

"मामा, ही चरबी नाही. मसल आहे."

"मसल असो नाहीतर मटण असो, माझ्या खांद्यावर ते वजनच आहे. मी इथे तुझ्यासाठी जीव काढतोय आणि तू रोज नवीन माल भरतोयस?"

तो हसायला लागला. मीही हसलो, पण नंतर. तिथेच काट्याशेजारी आमचा सौदा ठरला. संध्याकाळी एक दिवसाआड मी त्याच्याबरोबर जिमला यायचं. मधल्या दिवशी सकाळी त्याने माझ्याबरोबर दिघाशीच्या रस्त्याला पळायचं. त्याला वाटलं, सोपं आहे. जिमच्या भाषेत पळण्याला कार्डिओ म्हणतात, आणि तो प्रकार जाड्या माणसांसाठी असतो असं त्याचं मत होतं.

पहिल्या सकाळी तो पहिल्या वळणालाच गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. एवढी छाती, एवढे दंड, आणि आत हवा नाही. मी त्याच्या बाजूने रमतगमत पुढे गेलो. मागून आवाज आला, "मामा, रिक्षा मिळेल का इथे?" त्या वाक्यावर मी पुढे आठवडाभर आनंदात राहिलो.

मग लय सापडत गेली. तो पळायला शिकला, मी उचलायला. एकमेकांची थट्टा करण्यात व्यायाम कधी संपायचा ते कळायचं नाही. त्याचा सदरा सैल होत गेला आणि माझे खांदे भरत गेले. माझं पोट पुन्हा आत गेलं, आणि या वेळी कोणी रिपोर्टची चौकशी केली नाही. डॉक्टरांनी साखर बघून गोळी अर्धी केली आणि म्हणाले, बघा, चालण्याचा फायदा. ट्रेनर म्हणाला, देखा, उठाने का फायदा. मी दोघांनाही हो म्हटलं. आठवड्यातला एक दिवस आम्ही काहीच करायचो नाही, नुसते बसून बहिणीच्या हातची कोळंबी खायचो. तिला आमच्या तालमींचं सगळं माहीत होतं. ती वाढायची, पण त्या विषयावर चकार शब्द काढायची नाही. मला वाटायचं, तिचा अजून माझ्यावर विश्वास बसत नाही. बसेल, हळदीला बसेल, असं म्हणत मी आणखी दोन कोळंब्या घ्यायचो.

हळदीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. धवलारिणींनी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन संपवले, बँजो सुरू झाला आणि पोरं ओरडायला लागली, "मामा, मामा." मी पुढे झालो तर भाच्याच्या जिमचे चार मित्र आधीच गोल करून उभे. बहिणीने उभे केले होते. "काकी बोलल्या, तुम्हाला मदत करा," त्यातला एक म्हणाला. माझं डोकं फिरलं. "हात लावाल तर जेवण मिळायचं न्हाय," मी म्हटलं आणि उकिडवा बसलो.

भाचा खांद्यावर बसला. पाठ सरळ ठेवली, टाचा रोवल्या आणि उठलो. अगदी सहज उठलो. मांडवात जो आवाज झाला तो मी जन्मभर विसरणार नाही. मग नाचलो. स्टेजपासून दारापर्यंत आणि परत, बँजोवाला थकून दुसऱ्या चालीवर जाईपर्यंत नाचलो. भाचा वर हात सोडून नाचत होता, हळदीने माखलेला, आणि ती सगळी हळद माझ्या कानांत उतरत होती. दम लागला होता, पण तो माझ्या ताब्यातला होता. मी गर्दीत बहिणीला शोधत होतो. बघ म्हणावं, कोणाचं वय झालं ते.

ती खांबाजवळ उभी होती. पदराचं टोक तोंडात धरून, डोळे मिटून. सगळे बघत होते आणि एकटी तीच बघत नव्हती.

मी भाच्याला उतरवलं. लोक पाठीवर थापा मारत होते, पोरांनी मला मिठ्या मारल्या. त्यांना बाजूला सारून ती आली आणि तिने आपला हळदीचा हात माझ्या छातीवर ठेवला. बँजो वाजत होता, माणसं धक्के मारत होती, आणि ती तशीच हात ठेवून उभी राहिली. ती माझे ठोके बघतेय हे कळायला मला जरा वेळ लागला.

"दमलोय फक्त," मी म्हटलं.

"गप उभा रहा," ती म्हणाली. ठोके हळूहळू शांत झाले तेव्हा कुठे तिने हात काढला. "दादा, पोराला उचलायला कोण पण मिळलं असतं. एक माणूस माज्या डोळ्यांदेखत उठला तो खालीच पडला. तू पण पडला असतास तर मी कुणाकडं बघायचं?"

इतके महिने मी जिच्यावर चिडून घाम गाळला, तिला मी म्हातारा झालो असं म्हणायचंच नव्हतं. ती घाबरली होती, आणि मी तिच्यासमोर दंड फुगवत हिंडत होतो. मला तिथे, सगळ्या मांडवासमोर, रडू आलं. या वेळी वॉचमन नव्हता, त्यामुळे मी रडून घेतलं. लोकांना वाटलं हळद डोळ्यांत गेली.

"उद्या सकाळी चालायला जाशील ना?" तिने विचारलं.

"उद्या लग्न हाय."

"लग्न दुपारचं हाय," ती म्हणाली.

लग्नाला आता वर्ष होऊन गेलं. भाचा त्याच्या बायकोबरोबर पळायला जातो, आणि मी ज्याला उचलावं असं आता कोणी उरलेलं नाही. तरी एक दिवसाआड मी कापडाच्या दुकानांवरचा तो जिना चढतो, आणि मधल्या सकाळी दिघाशीच्या रस्त्याला लागतो. परत आलो की आधी बहिणीला फोन करायचा असतो. ती काही विचारत नाही. माझा आवाज ऐकते, "बरं," म्हणते, आणि ठेवून देते.